भाऊबीज आत्याकडे

दिवाळीच्या आठ दिवस आधी आत्याचा फोन आला. तिच्याकडे बटणांचा साधा मोबाईल आहे, त्यात तिच्या सोबतीला असणाऱ्या मदतनीस ताईंनी चार नंबर लावून दिलेत, एक दाबून धरला की ताई, दोन डॉक्टर, तीन मी आणि चार बाबा. चार ती कधी दाबत नाही, बाबांना काही सांगायचं असलं तरी तीनच दाबते. म्हणाली, "मने, भाऊबीजेला दादाला घेऊन ये. वहिनीला पण आण. आणि नारळ घेऊ नका, मी आणलाय."

मी बरं म्हटलं, फोन ठेवला आणि मग कितीतरी वेळ ऑफिसच्या जिन्यातच उभी राहिले. भाऊबीजेला भाऊ बहिणीच्या घरी जातो, यात काय एवढं. पण माझ्या बाबांना १९९८ पासून जायला बहिणीचं घरच नव्हतं.

आत्या आजारी पडली तेव्हा मी चौथीत होते. स्किझोफ्रेनिया हा शब्द घरात कोणाला माहीतच नव्हता, 'तिच्या डोक्यावर परिणाम झालाय' एवढंच बोललं जायचं. सासरच्यांनी एक दिवस माहेरी आणून सोडली ती सोडलीच. मग अंगारे-धुपारे झाले, देवस्थानाच्या वाऱ्या झाल्या, मग तालुक्याच्या डॉक्टरच्या गोळ्या, त्या संपल्या की आणायला कधी पैसे नसायचे, कधी कोणाला सवड नसायची, आणि गोळ्या थांबल्या की पंधरा दिवसांत तिचं पुन्हा भिंतीशी बोलणं सुरू. एका रात्री ती विहिरीच्या कठड्यावर बसलेली सापडली. आजी म्हणाली, आता माझ्याच्यानं होत नाही. तेव्हा १९८७ चा मानसिक आरोग्य कायदा होता, मनोरुग्णालयात भरती करायचं तर नातेवाइकांनी अर्ज करायचा आणि मॅजिस्ट्रेटची ऑर्डर काढायची. बाबांनी काढली. जीपमध्ये बसवताना तिला सांगितलं की डॉक्टरला दाखवून संध्याकाळी परत येऊ, आणि ती निघताना आजीला सांगून गेली, मटकी भिजत घातलीय, रात्री उपसून फडक्यात बांध.

आजीने बांधली. तिसऱ्या दिवशी मोड बोटभर लांब झाले, फडक्यातून बाहेर यायला लागले, तेव्हा तिने ती सगळी मटकी म्हशीपुढे ओतली. त्यानंतर आजी असेपर्यंत आमच्या घरात मटकीची उसळ झाली नाही.

सुरुवातीला बाबा दर महिन्याला भेटायला जायचे. मग दिवाळी आणि मे महिना. मग नुसती दिवाळी. मी कुणाला नावं ठेवत नाहीये, एसटीचा आठ तासांचा प्रवास, एक दिवसाची रजा, आणि तिथे गेल्यावर ती विचारणार, "दादा, आज नेतोयस ना?" या प्रश्नाला उत्तर नसलेला माणूस किती वेळा जाईल. २००१ च्या ऑगस्टमध्ये तमिळनाडूतल्या एरवाडीला आग लागली आणि साखळ्यांनी बांधलेली २८ मनोरुग्ण माणसं गेली, ती बातमी मला आठवते कारण बाबांनी घाईघाईत ते येरवडा वाचलं आणि त्यांच्या हातातला पेपर थरथरायला लागला. नंतर कळलं की गाव वेगळं, तिथे दर्ग्याजवळ खाजगी लोकांनी चालवलेल्या झोपड्या होत्या. त्या दिवशी बाबा म्हणाले, आपली निदान सरकारी दवाखान्यात आहे, तिथे बांधून ठेवत नाहीत. हे खरंही होतं. पण त्या एका वाक्यावर आमच्या घराने पुढची सतरा-अठरा वर्षं काढली, हेही तितकंच खरं आहे.

मधे कधीतरी नवीन रेशन कार्ड करायचं आलं आणि तिचं नाव कमी केलं. 'नाव कमी करणे' हा रेशन ऑफिसातला शब्द, माणूस वारलं किंवा मुलीचं लग्न झालं की तो अर्ज भरतात. आत्या जिवंत होती, रोज लाँड्रीत चादरींच्या घड्या घालत होती. २०१० मध्ये आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात देशातलं पहिलं आधार कार्ड दिलं गेलं, टीव्हीवर केवढा सोहळा, आम्ही सगळ्यांनी लायनीत उभं राहून बोटांचे ठसे दिले, तेव्हाही तिची आठवण कुणी काढली नाही. मीसुद्धा नाही.

महाराष्ट्रात चार प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी. चारही इंग्रजांच्या काळातली, आणि मिळून मंजूर खाटा ५,६९५. आत्या यातल्या कुठल्या ठिकाणी होती ते मी लिहीत नाही, कारण मला तिथल्या माणसांबद्दल तक्रार करायची नाहीये, तिथल्याच एका सिस्टरने तिला इतकी वर्षं केसाला लावायला घरचं तेल आणून दिलं. आपल्याकडे 'याला ठाण्याला पाठवा', 'येरवड्याला भरती करा' असं हसत हसत म्हणतात ना, शाळेत मीही म्हटलंय, आत्या आत असताना म्हटलंय. या गावांची नावं घेऊन आपण हसतो आणि तिथे खरंच राहणारी माणसं कोण आहेत हे विचारत नाही. २०१९ मध्ये एक राष्ट्रीय पाहणी आली, २४ राज्यांतली ४३ सरकारी मनोरुग्णालयं बघितली होती, त्यात दर शंभरातले छत्तीस जण एक वर्षापेक्षा जास्त काळ आत राहिलेले निघाले. कितीतरी जण पंचवीस वर्षांच्या वर. यातल्या बऱ्याच जणांना हॉस्पिटलची गरज उरलेली नसते. आजार आटोक्यात आलेला असतो, गोळ्या चालू असतात, काम करतात, सण करतात. फक्त गेटवर न्यायला कोणी येत नाही.

मग नवीन कायदा आला, मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७, लागू झाला २९ मे २०१८ ला. आणि पुढच्या वर्षी आम्हाला हॉस्पिटलच्या सोशल वर्कर मॅडमचा फोन आला की पेशंट कितीतरी वर्षं स्टेबल आहेत, घरी नेता का. बाबा तेव्हा रिटायर झालेले. आजी गेलेली. ते म्हणाले, नेतो. आईने एक शब्द न बोलता बेडरूममधलं एक कपाट रिकामं केलं. आम्ही आत्याला २१ वर्षांनी घरी आणली.

आता जे लिहिणार आहे ते लिहायला मला फार जड जातंय.

आमचा फ्लॅट टू बीएचके, चौथा मजला. आत्याला लिफ्टची भीती वाटायची, दार आपोआप बंद झालं की तिचा श्वास कोंडायचा, म्हणून ती खाली जायचीच नाही. पहाटे पाचला उठून आंघोळ करून, वेणी घालून, सोफ्याच्या कडेला बसून राहायची, कुणीतरी काम सांगेल म्हणून. आम्ही म्हणायचो, आराम कर. इतकी वर्षं सोसलंस, आता काही करू नकोस. आई तिला गॅसजवळ येऊ द्यायची नाही, काळजीनेच. मी तिच्या गोळ्या कुलपात ठेवायचे, तेही काळजीनेच. आणि दुसऱ्या महिन्यात माझ्या धाकट्या भावाला बघायला स्थळ येणार होतं. मुलीकडची सहा माणसं. आई बाबांकडे बघायला लागली, बाबा माझ्याकडे. मी आत गेले आणि म्हटलं, आत्या, पाहुणे येणारेत, थोडा वेळ आतच बसशील? ती लगेच म्हणाली, "बसते की." दार मीच लोटून घेतलं.

पाहुणे साडेपाचला आले, जेवायचा आग्रह झाला, जायला नऊ वाजले. मी आत गेले तर खोलीत अंधार. साडेसहालाच अंधार पडला असणार, म्हणजे ती अडीच तास तशीच बसलेली, दिव्याचं बटण हाताशी असून. मी लाईट लावला आणि म्हटलं, अगं लावायचा ना दिवा. तर म्हणाली, "दाराखालून उजेड दिसला असता."

आठवड्याभराने तिने स्वतःच बाबांना सांगितलं, मला परत सोड दादा. तिथे माझं काम आहे. बाबा रडले, आईने साडी घेऊन दिली, आणि आम्ही तिला परत सोडून आलो. सोशल वर्कर मॅडम काही बोलल्या नाहीत, फक्त रजिस्टरमध्ये लिहिलं. मला तेव्हा वाटलं की संपलं, प्रयत्न करून बघितला, जमलं नाही.

त्या मॅडमनीच नंतर मला समजावलं, आणि मला जे सांगायचंय ते खरं तर त्यांचंच आहे. आपण सगळे, म्हणजे नातेवाईक, पेपरवाले, समाजसेवक, एकच धरून बसलोय, की बरं झालेलं माणूस घरी गेलं पाहिजे आणि घरचे नेत नाहीत हाच काय तो प्रॉब्लेम. जे नेतात ते चांगले, नेत नाहीत ते वाईट. पण घरी पाठवणं वेगळं आणि घर देणं वेगळं. भावाच्या घरी आत्या कोण होती? सांभाळायची जबाबदारी, लपवायची गोष्ट. पन्नाशी उलटलेल्या बाईला स्वतःचं घर हवं असतं, भावाच्या फ्लॅटमधलं एक कपाट नाही. आणि गंमत नाही, कायद्यातसुद्धा हे स्पष्ट लिहिलंय. कलम १९ म्हणतं की प्रत्येकाला समाजात राहायचा हक्क आहे, आणि कुटुंब नाही किंवा कुटुंब स्वीकारत नाही किंवा राहायला घर नाही किंवा बाहेर तशी सोय नाही, एवढ्याच कारणासाठी कुणालाही मनोरुग्णालयात ठेवून घेता येणार नाही. त्या वाक्यात कुटुंबावर सक्ती नाहीये. तिथे पुढे सरकारला सांगितलंय की हाफवे होम (हॉस्पिटल आणि घर यांच्या मधला मुक्काम), ग्रुप होम (काही जणांनी मिळून राहायचं घर) अशा सोयी तुम्ही वाजवी मुदतीत उभ्या करा. हे मी तीनदा वाचलं, कारण एवढी वर्षं मला वाटत होतं की कायदा आमच्याकडे बोट दाखवतोय.

अशी घरं होऊ शकतात हे आपल्या देशात करून दाखवलंय. चेन्नईची द बन्यन ही संस्था, वंदना गोपीकुमार आणि वैष्णवी जयकुमार यांनी १९९३ मध्ये रस्त्यावरच्या आजारी बायकांसाठी सुरू केलेली, त्यांनी २०१५ पासून 'होम अगेन' नावाचं काम चालू केलं. वर्षानुवर्षं संस्थेत राहिलेल्या चार-पाच जणी एकमेकींना निवडून साध्या वस्तीत भाड्याच्या घरात राहतात, आणि सोबतीला एक मदतनीस असते, बहुतेक वेळा त्याच भागातली बाई. ती वॉर्डन नसते. बाजारात बरोबर जाते, बँकेत बरोबर जाते, औषधाचं लक्ष ठेवते, आणि जिथे मदत लागत नाही तिथून बाजूला होते. तमिळनाडू, केरळ, आसाम, आणि आपल्याकडे रत्नागिरीलाही ते पोचलंय. आत्याचं घर दुसऱ्या एका छोट्या संस्थेचं आहे, पण पद्धत तीच.

ते घर मिळायला पाच महिने लागले. मी तेव्हा संस्थेच्या लोकांबरोबर घरं बघत फिरायचे. प्रत्येक ठिकाणी पहिला प्रश्न एकच, फॅमिली आहे का? आम्ही फॅमिलीलाच देतो. चार बायका म्हटलं की कसल्या बायका, नोकरी करतात का, नवरे कुठे. खरं सांगितलं की चहाचा कप अर्धा ठेवून मालक उठायचे. एका सोसायटीने तर मीटिंग घेऊन ठराव केला, लहान मुलं आहेत म्हणून. शेवटी एका रिटायर शिक्षिकेने आपल्या जुन्या बैठ्या घराचा पुढचा भाग दिला. त्यांनी एकच विचारलं, मागच्या तुळशीला रोज पाणी घालतील का.

आत्या तिथे २०२२ च्या फेब्रुवारीत राहायला गेली. बरोबर आणखी तिघी, एक विदर्भातली, एक कन्नड बोलणारी, एक जिला आपलं गाव आठवत नाही. ताई दिवसा असतात, रात्री सोबतीला दुसऱ्या एक येतात. पहिले काही महिने सोपे गेले असं अजिबात नाही. भांडणं व्हायची, साबणावरून, पंख्यावरून. आत्या आपला साबण वापरून झाला की ओलाच रुमालात गुंडाळून उशाखाली ठेवायची, वॉर्डातली सवय. भाजीवाल्याने कोथिंबिरीची जुडी वीस रुपये सांगितली तर घाबरून परत आली, तिच्या डोक्यात अजून रुपया-दोन रुपयाचा भाव. गॅसचा लायटर टिकटिक वाजला की दचकायची, तिने स्टोव्हच्या काळातच स्वयंपाकघर सोडलं होतं. मी गेले की ती सगळं करायची, चपात्या, भाजी, भांडी, आणि ताई कौतुक करायच्या. पण ताईंनीच एकदा बोलता बोलता एक गोष्ट सांगितली जी माझ्या लक्षात आली नव्हती. मावशी सगळं करतात, म्हणाल्या, पण उद्याचं काही करत नाहीत. दही लावत नाहीत. काही भिजत घालत नाहीत. डाळ-तांदूळ इडलीला भिजवू का विचारलं तर म्हणतात, बघू सकाळी. सकाळी बघून इडली कशी होणार?

मी ऐकून घेतलं. काय बोलणार.

जूनमधली गोष्ट, रात्री साडेनऊला ताईंचा मेसेज आला. सोबत फोटो. स्टीलचं पातेलं, त्यात पाणी, पाण्याखाली मूठ-दोन मूठ मटकी. खाली ताईंनी लिहिलं होतं, "मावशींनी स्वतःहून". मी तो फोटो बाबांना पाठवला आणि त्यांना काहीच लिहिलं नाही. त्यांनी रात्री बाराला नुसतं 'पाहिला' असं पाठवलं.

२०२३ च्या पावसाळ्यात आत्या पुन्हा आजारी पडली. झोप गेली, जेवण गेलं, शेजारचे आपल्याबद्दल बोलतात म्हणायला लागली, एक रात्र अंगणात उभी राहून काढली. ताईंनी दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना दाखवलं, अॅडमिट करावं लागलं. बाबांनी मला फोन करून एवढंच विचारलं, म्हणजे आता परत...? वाक्य पुरं केलं नाही. पण अठरा दिवसांनी डिस्चार्ज झाला आणि ती रिक्षातून त्याच घरी आली, तिची गादी तिथेच, डबा तिथेच, उशाखालचा साबणसुद्धा कोणी हलवला नव्हता. टायफॉइड झालेलं माणूस दवाखान्यात जातं आणि परत घरी येतं, त्या अठरा दिवसांत कोणी त्याचं नाव रेशन कार्डावरून कमी करत नाही. आत्याच्या बाबतीत हे घडायला पंचवीस वर्षं लागली.

म्हणून मी हॉस्पिटलं बंद करा म्हणणाऱ्यांतली नाही. त्या अठरा दिवसांसाठी चांगलं हॉस्पिटल लागतंच. अमेरिकेत १९५५ मध्ये सरकारी मनोरुग्णालयांत साडेपाच लाखांवर माणसं होती, १९६३ मध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडींनी वस्तीतल्या उपचार केंद्रांच्या कायद्यावर सही केली (त्यांची स्वतःची बहीण मेंदूच्या ऑपरेशननंतर आयुष्यभर संस्थेतच राहिली, हे वाचल्यापासून मला ती सही वेगळीच वाटते), हॉस्पिटलं रिकामी होत गेली पण ठरवलेल्या केंद्रांपैकी निम्मीच झाली, आणि माणसं फुटपाथवर नाहीतर तुरुंगात पोचली. दार उघडणं स्वस्त पडतं. पलीकडचं घर, ताईंचा पगार, महिन्याच्या गोळ्या, याला दरवर्षी पैसे लागतात आणि ते कोणाच्या उद्घाटनाच्या फोटोत दिसत नाहीत.

इटलीतल्या त्रिएस्ते गावाने मात्र दोन्ही केलं. फ्रांको बझालिया नावाचे डॉक्टर १९७१ मध्ये तिथल्या मनोरुग्णालयाचे प्रमुख झाले, तेव्हा आत बाराशेच्या आसपास लोक. त्या हॉस्पिटलात लाँड्रीची गाडी ओढणारा मार्को नावाचा एक घोडा होता. तो म्हातारा झाला तसा त्याला कसायाला द्यायचं ठरलं, तर पेशंटनी मिळून वरच्या अधिकाऱ्यांना पत्र लिहिलं की त्याला मारू नका, आणि तो वाचला. मग १९७३ मध्ये त्यांनी लाकूड आणि कागदाच्या लगद्याचा एक प्रचंड निळा घोडा केला, त्याच्या पोटात आपापल्या इच्छा घातल्या, आणि मिरवणुकीने गावात न्यायला निघाले तर घोडा दारातून बाहेर मावेना. दार फोडून काढला. पाच वर्षांनी, १९७८ च्या मे महिन्यात, इटलीने नवीन मनोरुग्णालयं बांधणं कायद्यानेच थांबवलं. पण त्याआधीच त्रिएस्तेत पेशंटच्या सहकारी संस्था सुरू झाल्या होत्या, गावात चोवीस तासांची केंद्रं उघडत होती, फ्लॅट घेऊन तीन-चार जण एकत्र राहायला लागले होते. मी आत्याला ही गोष्ट सांगितली तेव्हा तिला बाकी कशाचं काही नाही, तिने विचारलं, "लाँड्रीचा घोडा? मग त्याला ठेवला ना नीट?" ठेवला म्हटलं.

भाऊबीजेला आम्ही अकराला पोचलो. दारात रांगोळी, थोडी वाकडी. बाबा चप्पल काढताना उगाच खूप वेळ लावत होते. आतून मटकीच्या उसळीचा वास येत होता. आत्याने नवीन आधार कार्ड दाखवलं, आधीच्यावर हॉस्पिटलचा पत्ता होता, आता घर नंबर, गल्ली, पिन कोड सगळं. बाबांनी ते चष्मा लावून वाचलं, दोनदा वाचलं. मग तिने पाट मांडला, बाबांना बसवलं, डोक्यावर रुमाल टाकायला लावला. आत्याचा हात गोळ्यांमुळे थरथरतो, कुंकू कपाळावर थोडं फिस्कटलं, तिने पदराने कड पुसली. मग ताट उचललं. निरांजनाची ज्योत इकडेतिकडे हलायला लागली, सुपारी गडगडली, बाबांनी घाबरून खालून ताटाला हात लावला.

"सोड दादा," ती म्हणाली, "मला येतं."

त्यांनी हात काढून मांडीवर ठेवला.